दहा मिनिटं

दक्षिण इंग्लंडातल्या ज्या गावात माझी मुलगी राहते, तिथं आता दुकान नाही. शाळा त्याआधीच मिटली. उरलंय ते एक चर्च, एक पब, व्हिलेज हॉल आणि एक लाल टेलिफोन बूथ, ज्यात टेलिफोन नाही. १९३५ साली, पंचम जॉर्जच्या राज्यारोहणाला पंचवीस वर्षं झाली त्या निमित्तानं, जाइल्स गिल्बर्ट स्कॉट यांनी या बूथचा नमुना आखला होता. मोबाइल आले, बूथ मुके झाले, आणि मग असे कितीतरी बूथ एकेक पौंड घेऊन गावांच्या हवाली करण्यात आले. आमच्या गावानं आपल्या बूथमध्ये दोन गोष्टी ठेवल्यात. अचानक लय बिघडलेल्या हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र, आणि वाचून झालेली पुस्तकं. कुणीही न्यावीत, कुणीही ठेवावीत. मीही एक मराठी कादंबरी ठेवली. तीन आठवडे झाले, आहे तिथंच आहे.

आमचं गाव म्हणाले खरं. सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेल्या बाईचं कसलं गाव! पण शेजारच्या बाईंनी मला आल्या आल्या त्यात ओढलं. वय चौऱ्याऐंशी. सगळं गाव त्यांना नावानं हाक मारतं, लहान पोरंसुद्धा. माझी जीभ काही वळत नाही, म्हणून मनातल्या मनात मी त्यांना आजी म्हणते. ऑक्टोबर २०२३ मधल्या एका संध्याकाळी त्या दारात उभ्या. हातात टॉर्च. "पॅरिश कौन्सिलची बैठक आहे, येतेस? चहा असतो."

पॅरिश कौन्सिल म्हणजे इथली ग्रामपंचायत म्हणा. नावात चर्चचा वास आहे, पण कारभाराचा चर्चशी संबंध नाही. सभासदांना पगार नाही. पगार क्लार्कला, तोही मोजक्या तासांचा. पहिला विषय : कोण येऊ शकलं नाही आणि त्याबद्दल कोण दिलगीर आहे. आमच्याकडे न आलेल्यांची चर्चा चहाच्या वेळी होते, इथं ती इतिवृत्तात जाते. मग रस्त्यातले खड्डे. मग पायवाटेवर आलेलं कुंपण. मग कुत्र्यांच्या विष्ठेसाठीचा डबा कुठं बसवायचा, यावर वीस मिनिटं, आणि तीही इतक्या अदबीनं की भांडण चाललंय हे मला मुलीनं घरी आल्यावर सांगितलं.

गावकऱ्यांना बोलायला तीन मिनिटं मिळतात. आजी उठल्या. सकाळची बस ९.२० ला सुटते. पेन्शनच्या वयाच्या माणसांचा मोफत पास सोमवार ते शुक्रवार ९.३० नंतरच चालतो. पुढची बस दुपारी. पहिली बस दहा मिनिटं उशिरा सोडता येईल का? "थोडीशी गैरसोय होते, इतकंच," असं म्हणून त्या खाली बसल्या. तीन मिनिटांतलं एकसुद्धा पुरतं वापरलं नव्हतं. बस काही पॅरिश कौन्सिलच्या हातात नाही. वरती पत्र लिहायचं ठरलं.

मला हसू येत होतं आणि लाजही वाटत होती. गावाचा हा कारभार बघताना एक जुनं कौतुक आठवलं. चार्ल्स मेटकाफ या कंपनी सरकारच्या अधिकाऱ्यानं १८३० साली आपल्याकडच्या गावांना छोटी प्रजासत्ताकं म्हणून गौरवलं होतं. त्याच वर्षी त्याच्या मायदेशी, या दक्षिणेकडच्या गावागावांत भुकेले शेतमजूर मळणीयंत्रं फोडत होते, कारण हिवाळ्यातली मळणी हीच त्यांची भाकर होती. कित्येकांना त्यापायी जहाजात घालून ऑस्ट्रेलियाला धाडलं. इथल्या गावाला निवडून दिलेलं कौन्सिल मिळालं ते १८९४ च्या कायद्यानं; तोवर सत्ता जमीनदाराची आणि पाद्र्याची. त्या कायद्यानं बायकांनाही गावच्या कौन्सिलवर बसायची मुभा दिली. पार्लमेंटसाठी मत द्यायला त्यांना अजून चोवीस वर्षं थांबायचं होतं. मेटकाफचं ते कौतुक १९४८ साली संविधान सभेत बाबासाहेबांनी वाचून दाखवलं आणि गावाच्या गोडव्यांचा पार फज्जा उडवला. गाव म्हटलं की गहिवरून येणाऱ्यांत मी कधीच नव्हते. वेशीबाहेर कुणाला ठेवलं होतं, हे आधी विचारावं, असं माझं मत. या हॉलमध्येही, नव्या घरांतली माणसं मागच्या खुर्च्यांवर बसली होती. मीही तिथंच.

बुधवारी आजींबरोबर बसला निघाले. चर्चमधला सुगीचा सण नुकताच झाला होता. खिडक्यांत मांडलेले भोपळे उचलले गेले होते, गरजूंसाठी जमवलेले डबे खोक्यात बांधून दाराशी ठेवले होते. सणातली उरलेली डेलियाची फुलं आजींनी ओल्या कागदात गुंडाळून घेतली होती. ड्रायव्हर त्यांच्याकडे बघून हसला. वेळेआधी पास दाखवून 'टू अर्ली?' विचारणाऱ्या म्हाताऱ्यांना इथं 'ट्वर्ली' म्हणतात. आजींनी काही विचारलं नाही. दोन पौंड ठेवले. मीही दोन पौंड ठेवले.

"दुपारच्या बसनं का नाही जात?" मी विचारलं. आपल्याकडे असं विचारतात.

त्या बाहेर बघत राहिल्या. नांगरलेल्या काळ्या वावरावर धुकं होतं. नवरा शहरातल्या वृद्धांच्या केअर होममध्ये आहे, म्हणाल्या, दोन वर्षं झाली. "सकाळी तो मला ओळखतो. जेवणानंतर नाही."

मग लगेच, आवाज जरासा वर चढवून, "कुंपण मात्र कापायलाच हवं हं."

नोव्हेंबरच्या बैठकीचा कागद व्हिलेज हॉलबाहेरच्या काचेच्या फळ्यावर लागला तेव्हा मी थांबून वाचला. बस सातव्या क्रमांकावर होती, कुत्र्यांच्या डब्याच्या खाली.