‘भिडस्त’ला इंग्रजीत काय म्हणावे?

कर्जाचा करार, विम्याची पॉलिसी, रुग्णालयाचा अहवाल हे सारे आपण आता इंग्रजीतच वाचतो आणि ते समजतेही. अडचण येते ती माणसांविषयी बोलताना. खवचट, आगाऊ, घुमा, चेंगट, भिडस्त ही आपल्या घरोघरची माणसे. पण त्यांचे वर्णन इंग्रजीत करायचे म्हटले, की एकेका शब्दापाशी थबकावे लागते.

या वाटेवर थबकणारे आपण पहिले नव्हे. ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करातील अधिकारी जेम्स थॉमस मोल्सवर्थ यांनी कँडी बंधू आणि मराठी शास्त्रीमंडळी यांच्या साहाय्याने मराठी-इंग्रजी कोश सिद्ध केला. तो १८३१ मध्ये निघाला व त्याची वाढवलेली आवृत्ती १८५७ मध्ये आली. तो चाळताना एक गोष्ट ध्यानात येते. जिथे एक इंग्रजी शब्द पुरत नाही, तिथे ते चार शब्द शेजारी ठेवतात आणि चारही अपुरे पडले, तर सरळ वाक्य लिहून अर्थ उलगडतात. एका शब्दाला एकच शब्द जुळवण्याचा हट्ट त्यांनी धरला नाही.

‘भिडस्त’चेच पाहा. ‘शाय’ म्हणजे लाजरा, ‘टिमिड’ म्हणजे घाबरट. भिडस्त या दोहोंहून वेगळा. नकार द्यावा हे त्याला कळते, देण्याचे धैर्यही असते. परंतु समोरच्याचे मन मोडेल या विचाराने जीभ अडते. आपल्या मराठवाड्यात तर ‘भीड-मुर्वत’ असा जोडशब्द जुनी माणसे सहज वापरतात. १९४८ पर्यंत निजामी अंमलात उर्दू ही दरबाराची भाषा होती. ‘मुर्वत’ हा शब्द फारसी-उर्दूच्याच घरचा. एकच भावना सांगायला इथल्या माणसाने दोन भाषांतले शब्द जोडले, मग तिसरीने एका शब्दात ती कशी सांगावी?

हा केवळ शब्दांचा खेळ नव्हे. बँकेत कर्मचाऱ्यांचे वार्षिक गोपनीय अहवाल इंग्रजीत लिहावे लागत. जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी मी शाखाधिकारी असताना एका रोखपालाच्या जुन्या अहवालांत वर्षानुवर्षे ‘टिमिड’ हाच शब्द उतरत आलेला दिसला. असा शब्द फाइलमध्ये बसला, की पदोन्नतीच्या वेळी तो माणसाच्या आधी समितीपुढे जाऊन उभा राहतो. हा गृहस्थ सहकाऱ्याचे काम अंगावर घेऊन रात्री आठपर्यंत बसे, हे खरे. पण सही जुळत नसेल, तर गावच्या बड्या असामीचा धनादेशही तो हात जोडून परत करी. घाबरट माणूस असे करील काय? मी एका शब्दाचा शोध सोडला आणि दोन वाक्ये लिहिली: लोकांचे मन राखण्यासाठी हा स्वतः कष्ट सोसतो, नियम मात्र कोणासाठीही वाकवत नाही. यथावकाश त्याला पदोन्नती मिळाली. ती माझ्या वाक्यांमुळे मिळाली असे मी म्हणणार नाही. त्या एका शब्दापायी ती अडली नाही, एवढे मात्र खरे.

दुसरा शब्द ‘कौतुक’. ‘प्रेज’ जिव्हाळ्यावाचूनही करता येते, ‘ॲडमिरेशन’ थोडे दुरून असते आणि ‘प्राईड’मध्ये ‘माझे’पणा येतो. शेजारची मुलगी दहावीत पहिली आली, म्हणून तिला बोलावून हातावर पेढा ठेवणारी आजी यांपैकी काय करते? तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात मैत्री, प्रमोद, कारुण्य आणि माध्यस्थ्य या चार भावना सांगितल्या आहेत. आपल्याहून गुणाने अधिक असणाऱ्याविषयी वाटणारा आनंद तो प्रमोद. आजीच्या पेढ्यात मला तोच दिसतो. दुसऱ्याच्या दुःखाने होणाऱ्या आनंदासाठी इंग्रजीने जर्मनमधून ‘शाडेनफ्रॉयडे’ हा शब्द उसना घेतला. प्रमोदासाठी मात्र रोजच्या वापरातला शब्द तिच्याकडे दिसत नाही. इंग्रज माणसाला ती भावना नसते, असे अर्थातच नाही. भावना असते, तिचे सुटे नाणे नसते.

उलटही घडते. दशलक्षण पर्वातील ‘उत्तम आर्जव’ म्हणजे ऋजुता, मनाचा सरळपणा. रोजच्या मराठीत मात्र ‘आर्जव करणे’ म्हणजे विनवणी करणे. इथे ‘स्ट्रेटफॉरवर्डनेस’ हा इंग्रजी शब्दच मुलांना धर्माच्या अधिक जवळ नेतो, हे मान्य केले पाहिजे.

आज आपली नातवंडे पुण्यात, बंगळुरूत, परदेशात वाढत आहेत. ती विचारतात, “आजोबा, क्षमावाणी म्हणजे ‘सॉरी’च ना?” गर्दीत पाय लागला तरी ‘सॉरी’ आणि वर्षभराचे वैर मिटवायचे तरी ‘सॉरी’! क्षमावाणीत मागणे आहे तसे देणेही आहे. धाकट्याने थोरल्याकडे मागावी, तशी थोरल्यानेही धाकट्याकडे मागावी. म्हणून या पर्वात नातवंडांना इंग्रजीत पत्र किंवा संदेश पाठवताना ‘क्षमा’ हा शब्द तसाच ठेवावा आणि त्याखाली दोन ओळींत, आपण नेमक्या कोणत्या गोष्टीसाठी ती मागत आहोत, ते लिहावे. शब्दाचा अर्थ त्यांना त्या दोन ओळींतून कळेल.