कोलकात्याहून धबधब्याच्या बेटाकडे

कोलकात्यात राहणाऱ्या मराठी माणसाला पावसाळा आला की सह्याद्री आठवतो. आंबोली, ठोसेघर, माळशेज यांची नावे निघतात आणि मुले विचारतात, "आपल्या इथे जवळ धबधबा नाही का?" सपाट बंगालमध्ये तो कुठला! पण कोलकात्याहून निघणारी एक वाट धबधब्याकडे जाते. ती वाट समुद्रावरून अंदमानला आणि तिथून पुढे लिटल अंदमान नावाच्या बेटावर पोचते.

बहुतेक सहली सेल्युलर जेल, हॅवलॉक आणि नील एवढ्यावर संपतात. हॅवलॉकचा किनारा सुंदर आहे, यात वाद नाही. पण धबधबे पाहायचे तर आणखी दक्षिणेला उतरावे लागते.

जायचे कसे?

कोलकात्याहून पोर्ट ब्लेअरला (2024 पासून श्री विजयपुरम) विमानाने सव्वादोन तासांच्या आसपास लागतात. हाती वेळ असेल तर जहाज. सुमारे 1,255 किलोमीटरच्या या प्रवासाला तीन-चार दिवस लागतात. जहाज खिदिरपूरच्या गोदीतून भरतीची वेळ साधून निघते आणि डायमंड हार्बर, सागर बेट मागे टाकेपर्यंत हुगळीतूनच जात राहते. याच समुद्रावरून अलिपूर बॉम्ब खटल्यातील बारींद्रकुमार घोष आणि उल्हासकर दत्त यांना काळ्या पाण्यावर नेले होते. सावरकर 1911 मध्ये मद्रासमार्गे तिथे पोचले. त्यामुळे मराठी आणि बंगाली, दोन्ही घरांत अंदमानचे नाव आजही थोडे हळू आवाजात घेतले जाते.

पोर्ट ब्लेअरहून लिटल अंदमानच्या हट बे धक्क्यापर्यंत सरकारी बोटीने साधारण सहा ते आठ तास. समुद्र खवळला तर बोट रद्द होते, म्हणून परतीच्या विमानाआधी दोन दिवस मोकळे ठेवावेत. सोबत वडीलधारी मंडळी असतील तर उलटीच्या गोळ्या आणि आल्याची वडी विसरू नका.

छोटा धबधबा, मोठे जंगल

बेटावर दोन धबधबे प्रसिद्ध आहेत. 'व्हाइट सर्फ' धक्क्यापासून साडेसहा किलोमीटरवर आहे आणि लहान मुलांना सोपा. 'व्हिस्पर वेव्ह' आणखी दूर, जंगलात आत आहे. तिकडची वाट चालू आहे का, हे आधी गावात विचारून घ्यावे.

आम्ही 'व्हाइट सर्फ'पाशी पोचलो तेव्हा सासूबाई पाण्याकडे पाहून म्हणाल्या, "एवढ्यासाठी समुद्र ओलांडला होय? आमच्या साताऱ्याला या!" बंगाली रिक्षावाले काका हसले. म्हणाले, "माशीमा, तुमच्याकडे डोंगर आहे. आमच्याकडे पाऊस आणि झाडे, एवढेच."

त्या वाक्यात सगळे आले. लिटल अंदमान जवळजवळ सपाट आहे. तिथली सर्वांत उंच जागाही दोनशे मीटरपेक्षा कमी आहे. त्यामुळे सह्याद्रीसारखा उंच कडा नाही आणि बाहेरून वाहत येणारी मोठी नदीही नाही. बेटावर पडलेला पाऊस तेवढाच त्याचा. इथे दोन्ही मोसमी वाऱ्यांचा पाऊस मिळतो. तो पाऊस जंगलाची जमीन पिऊन घेते आणि पुढचे काही महिने ओढ्याला हळूहळू सोडत राहते. झाडे गेली तर पाऊस पडेल तेव्हा लोंढा येईल आणि थांबला की कोरडा दगड उरेल.

ही नुसती कल्पना नाही. या बेटावर अनेक वर्षे इमारती लाकडाची तोड चालली. हत्ती ओंडके ओढत. जंगल साफ करून सुमारे 1,600 हेक्टरवर तेलमाडाची लागवडही झाली. अखेर शेखर सिंह आयोगाच्या अहवालानंतर सर्वोच्च न्यायालयाने 7 मे 2002 रोजी बेटावरील नैसर्गिक झाडांच्या तोडीला बंदी घातली. आज आपण ज्या सावलीत उभे राहून धबधबा पाहतो, ती सावली टिकण्यामागे तो निर्णयही आहे.

बेटावरची माणसे

हट बेपासून रस्त्याने निघाले की गावांची नावे ऐकून कोलकात्यातच आहोत असे वाटते: रामकृष्णपूर, विवेकानंदपूर, रवींद्रनगर, नेताजीनगर! फाळणीनंतर पूर्व बंगालमधून उखडलेली कुटुंबे इथे वसवली गेली. घर हरवलेल्या माणसांनी आपल्या मोठ्या माणसांच्या नावांनी नवे गाव उभे केले. दुपारी त्यांच्याकडे गरम भात आणि माशांचा झोल मिळतो.

पण त्यांच्याही कितीतरी आधीपासून हे बेट ओंगे लोकांचे आहे. 1901 च्या जनगणनेत त्यांची संख्या 672 होती. 2011 मध्ये 101. डिसेंबर 2004 च्या त्सुनामीत हट बेची मोठी हानी झाली, पण ओंगे लोकांनी समुद्र मागे हटलेला पाहिला आणि ते उंच जागी निघून गेले. तिथे पिढ्यान्‌पिढ्यांचे शहाणपण कामी आले.

त्यांच्या राखीव क्षेत्रात प्रवाशांना प्रवेश नाही. 1956 च्या नियमानुसार तो गुन्हा आहे, आणि त्यांचे फोटो काढणेही. कोणी "आत नेऊन दाखवतो" म्हणाले तर नम्रपणे नको म्हणा. मुलांना कारणही सांगा. बाहेरून नेलेला साधा सर्दी-तापही एवढ्या लहान समाजाला महागात पडू शकतो. त्यांना बघायला जाणे म्हणजे पर्यटन नव्हे.

जाण्याआधी

• डिसेंबर-जानेवारी उत्तम. धबधब्याला पाणी असते आणि समुद्रही शांत होत असतो. एप्रिलपर्यंत धार बारीक होते.

• खाड्यांमध्ये खाऱ्या पाण्यातील मगरी असतात. सूचनाफलक वाचल्याशिवाय आणि स्थानिकांना विचारल्याशिवाय कुठेही पाण्यात उतरू नका, बटलर बेच्या सुंदर किनाऱ्यावरही नाही.

• शेवाळलेल्या दगडांवर चपला घसरतात. पकड असलेले बूट घाला.

• रोख पैसे आणि नेहमीची औषधे सोबत ठेवा.

• ओढ्यात साबण-शाम्पू वापरू नका. प्लास्टिक परत आणा. एवढ्या लहान बेटावर कचरा टाकायला दूरची जागा नसते.

धबधबा किती उंच, हे मुलांनी घरी आल्यावर कोणाला सांगितले नाही. आमची धाकटी मात्र शाळेत सांगून आली, की तिथले पाणी झाडांनी साठवून ठेवलेले असते. सहलीचे पैसे वसूल झाले, असे सासूबाईंनीच जाहीर केले.