बंद दालनाबाहेरची विमाने

गोव्याला गेलो, पण किनारा न पाहता विमाने पाहून आलो, असे सांगितल्यावर आमच्या स्टाफरूममध्ये हशा पिकला. पण वास्कोजवळ, बोगमाळोच्या रस्त्याला नौदलाचे नेव्हल एव्हिएशन म्युझियम आहे. 1998 साली सुरू झालेले. ज्यांची मुले आठवी-नववीत आहेत त्यांनी मडगावपर्यंत कोकण रेल्वेने जाऊन एकदा ते पाहून यावे, असे आमचे मत आहे.

आम्ही दिवाळीच्या सुट्टीत गेलो तेव्हा आतल्या दालनांची डागडुजी चालू होती, त्यामुळे ती बंद होती. मुलांचे चेहरे लगेच पडले. जहाजांच्या प्रतिकृती, जुने गणवेश, फोटो, सगळे आत. फाटकावरचा जवान म्हणाला, बाहेर जे उभे आहे ते पाहून घ्या, तेही कमी नाही. आम्ही चौघे आणि सोबत अब्बा, म्हणजे मुलांचे नाना. अब्बांना खरे तर सावलीत बसायचे होते.

बाहेर मोकळ्या आभाळाखाली ही विमाने ओळीने उभी असतात. सगळ्यांत आधी नजर भरते ती सुपर कॉन्स्टलेशनने. चार पंखे, तीन शेपट्या, पंखांचा पसारा 37 मीटरांहून जास्त. 1954 पासून एअर इंडियाने ही विमाने प्रवाशांसाठी वापरली, मग त्यांतली काही हवाई दलाकडे गेली आणि 1976 मध्ये तिथून नौदलाकडे आली. एकाच यंत्राच्या तीन नोकऱ्या! धाकट्याने विचारले, पेन्शन कोणाकडून मिळते? जवळच सीलँड नावाचे छोटे विमान आहे. जमिनीवर उतरते आणि पाण्यावरही. 1953 साली कोचीला नौदलाची हवाई शाखा उभी राहिली ती या चिमुकल्यांच्या जोरावर. आमच्या उर्दूत विमानाला हवाई जहाज म्हणतात. तो शब्द या सीलँडला जितका शोभतो तितका दुसऱ्या कशालाही नाही.

आत दालनात असते तर आम्ही काचेतून पाट्या वाचत पुढे सरकलो असतो. इथे ऊन होते, वारा होता आणि विमानाच्या पोटाखाली वाकून पाहायला वेळ होता. आणि इथेच अब्बा सावली सोडून उठले.

अब्बा मुंबईच्या गोदीत फिटर होते. निवृत्त होऊन गावी आले तेव्हा एक पेटी आणि गुडघेदुखी घेऊन आले. कामाबद्दल घरात कधी बोलले नाहीत. आम्हीही कधी विचारले नाही. ‘गोदीत होते’ यावर आमची माहिती संपत होती. ते हात पाठीमागे बांधून अलिझे नावाच्या विमानापुढे उभे राहिले. यंत्राजवळ हात मागे ठेवायचे ही त्यांची जुनी सवय, हे आम्हाला त्या दिवशी कळले.

अलिझे फ्रेंच बनावटीचे. नाकावर एकच मोठा पंखा, आत तिघांची जागा, काम पाणबुड्या शोधण्याचे. पोटाखाली रडारचा गोल घुमट, तो हवा तेव्हा खाली येतो आणि नको तेव्हा आत जातो. जहाजावर जागा कमी, म्हणून पंख मध्येच दुमडतात. अलिझे म्हणजे व्यापारी वारे, तेच, जे आपण सातवी-आठवीच्या भूगोलात शिकवतो. 1971 च्या युद्धात ही विमाने विक्रांतवरून उडाली. त्यांच्यासोबत सी हॉक होती, त्यांनी कॉक्स बाजार आणि चितगाववर हल्ले केले. पश्चिमेकडे मात्र 10 डिसेंबरला एक अलिझे पाडले गेले आणि आतले तिघे परतले नाहीत.

“हे उडायचे कसे, ठाऊक आहे का?” अब्बांनी थोरलीला विचारले. ती म्हणाली, धावपट्टीवर धावून. “अगो, जहाजावर धावायला जागा कुठली? याला फेकावे लागते.”

मग त्यांनी सांगायला सुरुवात केली. डेकखाली लांब नळकांडी, त्यांत दट्ट्या. बॉयलरची वाफ एकदम सोडली की दट्ट्या पुढे झेपावतो. डेकवरच्या खाचेतून वर आलेल्या आकड्याला तारेच्या दोराने विमान जोडलेले असते, ते ओढले जाऊन दोन-तीन श्वासांत हवेत. याचे नाव कॅटापुल्ट. परत उतरताना विमानाच्या शेपटीखालचा हूक डेकवर आडव्या ताणलेल्या तारेत अडकतो. “खाच स्वच्छ पाहिजे, तार ओली पाहिजे तितकीच, आणि वाफ कुठे गळत असेल तर ती डोळ्यांना दिसत नाही, आवाजाने ओळखायची.” आमच्या शाळेत वाफेच्या इंजिनाचा धडा आम्ही कित्येक वर्षे शिकवतो आहोत. वाफ कानाने ओळखतात, हे त्या धड्यात नाही.

थोरलीने शेजारच्या सी हॅरियरकडे बोट दाखवले आणि तेही असेच का, म्हणून विचारले. नाही. हॅरियर थोडेसे धावून वर चढणाऱ्या उतारावरून उडी घेते आणि उतरताना सरळ खाली येते. त्याच्यासाठी विक्रांतच्या नाकावर उतार बसवला गेला, आणि कॅटापुल्ट काढून टाकला. 1987 नंतरच्या मोठ्या दुरुस्तीतली ही गोष्ट. त्यानंतर अलिझेला जहाजावरून उडता येईना.

“तो काढणाऱ्या टोळीत आम्ही होतो,” अब्बा म्हणाले. “ज्याला चालू ठेवायला वर्षानुवर्षे तेल-ग्रीस लावले, तोच सोडवला. नट काढताना कोणी बोलत नव्हते. हे,” अलिझेकडे हनुवटी करून, “त्या दिवसापासून बेकार.”

अम्मी हयात असताना ही गोष्ट तिला माहीत होती की नाही, ते विचारायचे आमच्या मनात आले. पण विचारले नाही.

विक्रांत 1997 मध्ये सेवेतून निवृत्त झाले, मुंबईत काही वर्षे संग्रहालय म्हणून उभे होते, आणि 2014 मध्ये तोडायला काढले गेले. त्यातले काही पोलाद बजाजच्या व्ही या मोटरसायकलच्या टाकीत गेले. आमच्या गल्लीतल्या एका मुलाने ती गाडी घेतली होती. अब्बा येता-जाता त्या टाकीवर हात ठेवत, आणि आम्ही समजत होतो की त्यांना गाडी आवडते.

थोरलीचा पुढचा प्रश्न आमच्याच कामाचा होता. लोखंड गंजते, हे तर ॲल्युमिनियमचे, मग ऊन-पावसात उभे राहिले तर काय बिघडणार? आम्ही वर्गात सांगतो तेच तिने म्हटले. अब्बा म्हणाले, घरी गेल्यावर मागच्या खिडकीची चौकट पाहा. समुद्राकडची. लोखंडी स्क्रूभोवती पांढरी पूड येते, तीच. दोन वेगळे धातू, मध्ये खारे पाणी, की त्यातला एक खपत जातो. म्हणून विमानवाहू जहाजावर विमाने गोड्या पाण्याने धुतात. म्हणून अशा यंत्रांना वेळोवेळी रंगाचा हात द्यावा लागतो. उन्हाने वरची पारदर्शक झाकणे दुधाळ होतात, टायर बसतात. बाहेर उभ्या केलेल्या यंत्राला रोज कोणीतरी पाहावे लागते, मग तिथे पाहुणे असोत की नसोत.

तिथून निघायला दुपार टळली. नंतर कळले की दालने उघडी असतात तेव्हा आतही बरेच पाहण्यासारखे आहे, पुन्हा जाऊ. सोमवारी बंद असते, तेवढे लक्षात ठेवावे.

घरी आल्यावर थोरलीने दोनशे पानी वही काढली. अब्बा सांगतात, ती लिहिते आणि आकृती काढते. पहिल्या आकृतीत बॉयलर चुकीच्या बाजूला होता. अब्बांनी तो खोडून दाखवला. पंधरा पाने झाली आहेत. सध्या एका भागापाशी काम अडले आहे. दट्ट्या शेवटी पोहोचला की त्याला थांबवायला पाणी असायचे, त्या भागाला टोळीत काय म्हणत, ते अब्बांना आठवत नाही. म्हसळ्याला त्यांचे एक जुने सोबती राहतात, त्यांना फोन लावून झाला. त्यांना नाव आठवते आहे, पण ऐकू कमी येते, आणि अब्बांचा प्रश्न त्यांच्यापर्यंत अजून नीट पोहोचलेला नाही. शाळेला पुढच्या शनिवारी सुट्टी आहे. त्या दिवशी आम्ही दोघांची गाठ घालून देणार आहोत, आणि वही सोबत नेणार आहोत.