पोटाची गोळी, छातीचा खोकला

खोकला घेऊन कुणी आलं की आपण बीपीची गोळी कोणती ते विचारतो. पोटाचं औषध विचारायचं राहतं. एका शिक्षिकेने प्लॅस्टिकच्या पिशवीतून एक्स-रे काढला, तेव्हा मागे एक स्ट्रिप दिसली. म्हणाल्या, "ते पोटाचं आहे डॉक्टर, इकडचं नाही."

*

ती मेसालामीनची होती. अल्सरेटिव्ह कोलायटिसवर वर्षानुवर्षं घ्यायची, साधारण सोसणारी गोळी. क्वचित एखाद्याला मात्र ताप, कोरडा खोकला, जिना चढताना धाप, एक्स-रेवर पांढरे डाग, रक्तात इओसिनोफिल वाढलेले. न्यूमोनिया समजून अँटिबायोटिक बदलत राहतात, उतार पडत नाही. गोळी थांबवली की बहुतेकदा पडतो. कधी स्टेरॉइड लागतं. सल्फासलाझीनही हेच करते.

पक्का पुरावा देणारी तपासणी नाही. गोळी कधी सुरू झाली आणि खोकला कधी, या तारखा शेजारी मांडायच्या आणि जंतुसंसर्ग नाही ना ते पाहायचं.

*

आतड्याच्या अशाच आजारांत दिलं जाणारं मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच. तेवढ्यानेही न्यूमोनायटिस होऊ शकतो, कमी डोसला नाही असं नाही. एकदा झाला की ते औषध पुन्हा न दिलेलंच बरं.

*

आणि इन्फ्लिक्सिमॅब. अमेरिकेत क्रोन्ससाठी, म्हणजे आतड्याच्या दुसऱ्या दीर्घ आजारासाठी, मान्यता १९९८ची. २००१ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये या इंजेक्शननंतर टीबी झालेल्या ७० जणांचा अहवाल आला. ६४ जण टीबी फारसा नसलेल्या देशांतले! ४० जणांचा टीबी फुफ्फुसाबाहेरचा. तीन किंवा त्याहून कमी डोसांनंतरच ४८ जणांना तो झाला होता.

शरीर टीबीचे जंतू पेशींच्या गाठीत कोंडून ठेवतं, आणि त्या भिंती टिकायला टीएनएफ हा दाहाचा संदेश देणारा रेणू लागतो. हे औषध नेमका तोच अडवतं. म्हणून आधी छातीचा एक्स-रे, त्वचेवरची मँटू किंवा रक्ताची इग्रा चाचणी, आणि छुपा टीबी सापडला तर त्याचं औषध. आपल्याकडे यातही गुंता आहे: बीसीजीमुळे मँटू उगाच पॉझिटिव्ह येऊ शकते, स्टेरॉइड चालू असेल तर उगाच निगेटिव्ह. शिवाय आतड्याचा टीबी आणि क्रोन्स दिसायला इतके सारखे, की आधी टीबीच्या गोळ्या देऊन बघितलेले पेशंट सर्रास भेटतात. निगेटिव्ह रिपोर्ट हातात असला तरी घरात कुणाला टीबी होता का, हे मी विचारतोच.

*

हे वाचून कुणी स्वतःच्या मनाने गोळ्या सोडू नयेत. रक्ती जुलाब परत सुरू झाले तर तेही साधं दुखणं नाही.

*

सगळा दोष औषधाच्या माथी मारणंही चूक. आतड्याचा हा आजार, कोलायटिस असो वा क्रोन्स, कधी स्वतःच श्वासनलिकांना सूज आणतो. कोलायटिससाठी मोठं आतडं काढून टाकल्यावर, औषधं बंद असतानाही, काहींना बेडक्याचा खोकला सुरू होतो, ब्राँकिएक्टॅसिसपर्यंत जातो. तिथे बंद करायला गोळीच नसते. स्टेरॉइडचा पंप द्यावा लागतो, आणि पुष्कळांना तो लागूही पडतो.