अंगठेबहाद्दर

माणसाची सत्ता नेमकी कधी जाते, असं कुणी मला विचारलं तर मी म्हणेन, निवृत्तीच्या दिवशी नव्हे. त्या दिवशी हार मिळतो, नारळ मिळतो, आणि ज्यांनी तीस वर्षं आपल्याला छळलं तेच लोक आपण किती चांगले होतो हे उभं राहून सांगतात. सत्ता जाते ती घरातल्या खुंटीवरून आपल्या गाडीची किल्ली नाहीशी होते त्या दिवशी.

माझी किल्ली गेली ती पौष महिन्यात. स्कूटर १९८४ सालची. त्या काळी स्कूटरसाठी नंबर लावावा लागे. मी नंबर लावला तेव्हा माझं लग्न व्हायचं होतं, आणि गाडी दारात आली तेव्हा तिच्यावर पुढे उभं राहायला चिरंजीव तयार होते. ही स्कूटर किक मारून सुरू होत नसे. आधी तिला आपल्याकडे कलती करायची, क्षणभर तशीच धरायची, मग सरळ करून किक. आमच्या अमरावतीत १९१४ पासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे. एवढी मोठी संस्था गावात असल्यावर माणसानं काही व्यायाम करावा अशी अपेक्षा चुकीची नाही. मी रोज सकाळी स्कूटर कलती करत असे.

पौषातल्या त्या संध्याकाळी राजकमल चौकात एक कुत्रं मधे आलं. मी ब्रेक दाबला; गाडी आडवी, मी आडवा. कोपर खरचटलं, पॅन्ट फाटली, बाकी काही नाही. घरी येऊन मी कुत्र्याची हकीकत सांगितली. मग दूधवाल्याला सांगितली, बँकेत सांगितली, बागेतल्या बाकावर सांगितली. दर वेळी कुत्रं जरासं मोठं होत गेलं. महाशिवरात्रीपर्यंत ते वासराएवढं झालं असतं. पण त्याआधीच पुण्याहून मुलगा आला, दोन दिवस राहिला, आणि जाताना स्कूटर विकून गेला. त्याला कळवलं कुणी? तर शेजारच्या भाऊसाहेबांनी.

भाऊसाहेबांची आणि माझी कुंपणाची भिंत एक. ते मूळचे अकोल्याचे. अकोल्याचा माणूस उन्हात भाजून पक्का झालेला असतो आणि अमरावतीचा अर्धाकच्चा राहतो, असं त्यांचं जुनं मत. ते मी वीस वर्षं ऐकून घेत आलो होतो. पण चुगली? मी बोलणं बंद केलं. त्यांनीही खुलासा केला नाही. अबोला आम्हां दोघांचाच होता हं. स्वयंपाकघरांनी तो मानला नव्हता. भिंतीवरून भरीत पलीकडे जायचं आणि त्याच वाटीतून ठेचा अलीकडे यायचा. तो ठेचा मी रागानं खात असे, इतकंच.

त्याच सुमारास भाऊसाहेबांच्या दारातली मोटारही दिसेनाशी झाली. मी मनात म्हटलं, नवी घेत असतील. आमची विकायला लावून स्वतः नवी!

आठ महिने असे गेले, आणि भाद्रपदात वरच्या मजल्यावरच्या पोट्ट्यानं चिखलदऱ्याची सहल काढली. कॉलनीतली चौदा माणसं, एक टेम्पो ट्रॅव्हलर. हा पोट्टा इंजिनियरिंगचा विद्यार्थी आहे. म्हणजे त्याला सगळ्यातलं थोडं थोडं येतं आणि ते तो सगळं सांगतो. "काका, या वेळी पॉइंट पाहत नाही बसायचं. क्वाड चालवायची. चार चाकांची मोटरसायकल! जंगलातल्या वाटेनं!"

"आणि वाघ?" आमच्या हिनं विचारलं.

"वाघाकडं नाही नं काकू. तिथं आपली गाडी नेऊच देत नाहीत."

ते खरंच आहे. १९७३ साली व्याघ्रप्रकल्प सुरू झाला तेव्हा देशातल्या पहिल्या नऊ जंगलांत आपलं मेळघाट होतं. वाघाच्या घरात जायचं तर वनखात्याच्या नियमानं, वाटाड्या बरोबर घेऊन, ठरलेल्या गाडीतून. हे क्वाडचं प्रकरण त्या हद्दीबाहेर, कुणाच्या तरी खासगी शेतात होतं. शेताच्या कडेची झाडी दाट होती म्हणून तिला जंगल म्हणायचं, इतकंच.

वलगाव गेलं, आसेगाव गेलं. परतवाड्याला आलूबोंडे झाले. भाऊसाहेब पहिल्या बाकावर, मी शेवटच्या. घाट लागला तसा पोट्ट्यानं क्वाडचा इतिहास सुरू केला. १९७०च्या सुमाराला होंडा कंपनीनं अमेरिकेत अशी तीन चाकांची गाडी आणली. फुग्यासारखी टायरं, त्यांत हवा अगदी थोडी, त्यामुळे चिखलात रुतायची नाही. पण वळणावर ती माणसांना उलथवून टाकू लागली. शेवटी १९८८ साली तिथं तीनचाकीची विक्री बंद झाली आणि चारचाकी तेवढी राहिली.

"म्हणजे चौथं चाक माणसं पडल्यावर बसवलं," मी म्हणालो.

पुढच्या बाकावरून भाऊसाहेब मोठ्यांदा म्हणाले, "काय म्हणून रायले मास्तर?"

आठ महिन्यांत माझ्याविषयी निघालेला हा त्यांचा पहिला शब्द. मी खिडकीबाहेर पाहिलं. धुकं होतं. धुकंच पाहिलं.

चिखलदऱ्याचं नाव कीचकावरून पडलं म्हणतात. भीमानं त्याला मारून या दरीत टाकलं, तो कीचकदरा; आणि हात धुतले ते भीमकुंड. मास्तर म्हणून मी ही व्युत्पत्ती वर्षानुवर्षं शिकवली. त्या शेतात ट्रॅव्हलरमधून खाली पाय टाकला आणि मला शंका आली. घोट्यापर्यंत चिखल होता. कीचकाचा इथं काही संबंध नसावा.

गाड्या चार. त्यांतल्या दोन आजारी. शेतमालकाच्या माणसानं, चुणचुणीत कोरकू पोरगा होता तो, एक छापील कागद पुढे केला. 'मी स्वतःच्या जबाबदारीवर' वगैरे. माझा चष्मा हिच्या पर्समध्ये, आणि ही कणसं भाजून घेण्यात गुंतलेली. मी खिसे चाचपतोय असं पाहून पोरानं शाईचं पॅड उघडलं आणि अगदी आदरानं म्हणाला, "बाबा, अंगठा लावा."

छत्तीस वर्षं मी दुसऱ्यांना सही करायला शिकवली! पण मागे रांग होती. लावला अंगठा.

"गाडी बी अंगठ्यानंच चालते," पोरगा म्हणाला. मला वाटलं गंमत करतोय. पण खरंच, या गाडीची मूठ पिळायची नसते. उजव्या मुठीपाशी एक छोटा खटका असतो, तो अंगठ्यानं दाबला की गाडी पळते. मी सवयीनं मूठ पिळली. काही नाही. आणखी पिळली. मग आणखी एका सवयीनं गाडी आपल्याकडे कलती करायला गेलो. दोन-अडीचशे किलोची ती गाडी तसूभर हलली नाही. फक्त माझ्या कमरेतून एक आवाज आला.

आता जोड्या. गाड्या दोन, उत्साही मंडळी चौदा. एका गाडीवर दोघं, असं ठरलं. आमची ही आणि शेजारच्या वहिनी एकमेकींकडे पाहून हसल्या तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. पुढच्या मिनिटाला मी हँडलपाशी होतो आणि माझ्या मागे भाऊसाहेब होते.

"धरा नं त्यांना घट्ट," वहिनी म्हणाल्या.

आठ महिने ज्याच्याशी बोललो नाही त्या माणसानं मला कमरेला मिठी मारली. पोरगा सूचना देत होता, "वळताना आंग आतमधी टाका. मागची दोनी चाकं एकाच दांड्यावर हायेत, दोनी सारखीच फिरतात. मंग गाडी वळत नाही, सरळच पळते. दोघंबी एकाच बाजूले झुका बरं!"

एकाच बाजूला झुका! हे जमत असतं तर इथवर कशाला आलं असतं?

मी अंगठा दाबला. गाडीनं अशी उडी घेतली की भाऊसाहेबांची हनुवटी माझ्या खांद्यावर आपटली. मग मात्र, खरं सांगतो, मजा आली. सागाच्या ओल्या पानांचा वास, दोन्ही बाजूंनी उडणारा चिखल, आणि हातात गाडी. आठ महिने मी रिक्षात मागे बसलो होतो. लोक सत्तरीत देव शोधतात. मला हँडल सापडलं.

पहिल्या वळणावर कळलं की आमची अडचण वेगळीच आहे. मागून पोरगा धावत ओरडत होता, "आस्ते! आस्ते!" ते मला ऐकू येत होतं, भाऊसाहेबांना नाही. समोर काय आहे ते भाऊसाहेबांना दिसत होतं, मला नाही. म्हणून ते ओरडत होते, "डावीकडं! मास्तर, डावीकडं!" आणि मी उत्तर देत होतो, "तो हळू म्हणतोय!" आणि ते विचारत होते, "काय म्हणून रायले?"

तेवढ्यात वाटेवर कुत्रं दिसलं. मी हँडल ओढलं. मी उजवीकडे झुकलो, भाऊसाहेब डावीकडे. गाडीनं दोघांचंही न ऐकता सरळ घाणेरीच्या झुडपात मुसंडी मारली आणि पुढची चाकं नालीत घालून बंद पडली. लागलं कुणालाच नाही. माझ्या डोक्यावर घाणेरीची फुलं आली तेवढी.

पोरगा धापा टाकत आला, पाहिलं, आणि दोर आणायला पळाला.

एकदम शांत झालं. आम्ही दोघं तसेच गाडीवर. उतरलं तर चिखल.

"कुत्रं आलं मधे," मी म्हणालो. आठ महिन्यांनी बोललो ते हेच.

भाऊसाहेबांनी मागे वळून पाहिलं. "दगड आहे मास्तर. काळा गोटा. अजून तिथंच आहे."

मी डोळे बारीक केले. दगडच असावा.

मग बराच वेळ ते काही बोलले नाहीत. ऐकू कमी येणारा माणूस मोठ्यांदा बोलतो. भाऊसाहेबांचं साधं 'या बसा' चार घरांत ऐकू जातं. पण त्यानंतर ते जे बोलले ते इतकं हळू बोलले, की मला वळून त्यांच्या तोंडाकडे पाहावं लागलं.

"राजकमल चौकातही कुत्रं नव्हतं."

"मग?"

"पोरगी होती. शाळेतली. पाठीवर निळं दप्तर. मी पानठेल्यापाशी उभा होतो. वीतभर अंतर राह्यलं होतं, मास्तर. ती पळून गेली, आणि तुम्ही उठून लोकांना कुत्रं म्हणून सांगू लागले. मले वाटलं, यांना खरंच कुत्रं दिसलं."

मी काय बोलणार? दूधवाला आठवला, बँक आठवली, बागेतलं बाक आठवलं. वासराएवढं केलेलं कुत्रं आठवलं. त्याच्या पाठीवर निळं दप्तर होतं.

"मुलाला सांगितलंत हे?"

"नाही बाप्पा. त्याले एवढंच म्हटलं, मास्तरांना दिसत नाही, गाडी काढून घे. पोरीचं कोणाले नाही सांगितलं. घरीही नाही. जन्मभर पोरं सांभाळलेला माणूस, त्याच्याबद्दल असं कसं सांगावं?"

"मला तरी सांगायचं!"

"तुम्ही बोलतच नव्हते नं."

मुद्दा बिनतोड होता. थोड्या वेळानं ते आपणहूनच म्हणाले, "त्याच आठवड्यात मी माझी मोटार विकली. मले मागचा हॉर्न ऐकू येत नाही, वर्ष झालं. तुमची काढायला लावायची अन् माही ठेवायची, हे काही बरं दिसत नव्हतं."

पोरगा दोर आणि आणखी दोन माणसं घेऊन आला. गाडी निघाली. परतीला मी मागे बसलो आणि भाऊसाहेबांना म्हणालो, "अंगठा तुमचा." त्यांना दिसत होतं. मागून आलेली हाक मी ऐकत होतो आणि त्यांच्या डाव्या खांद्यावर थापटलं की हळू, उजव्या खांद्यावर थापटलं की चालू द्या, अशी खूण ठरली. वळण आलं तसे दोघंही आत झुकलो. गाडी मुकाट वळली. दोन निकामी ड्रायव्हर मिळून एक बऱ्यापैकी ड्रायव्हर होतो, ही गोष्ट कुठल्याच आरटीओच्या ध्यानात आलेली नाही.

उतरल्यावर वहिनींनी विचारलं, "काय बोलत होते एवढं झुडपात बसून?"

"अकोल्याचं ऊन," भाऊसाहेब म्हणाले.

दिवाळीपूर्वी माझ्या डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू निघाला. भाऊसाहेबांनी कानाचं यंत्र घेतलं. दवाखान्यात एकमेकांच्या सोबतीला आम्हीच होतो. मुलगा फोनवर म्हणाला, "बाबा, आता दिसतंय तर एखादी हलकीशी स्कूटर घ्यायची का?" मी म्हटलं, नको. दिसायला लागल्यापासून जरा जास्तच दिसतं.

आता आम्ही दोघं रिक्षानं जातो. मागे बसल्या बसल्या दोघांचे उजवे अंगठे आपोआप हलत असतात. राजकमल चौक आला, आणि शाळा सुटायची वेळ असली, की मी रिक्षावाल्याला सांगतो, "हळू घे." तो म्हणतो, "काका, सिग्नल हिरवा आहे."

"ते म्हणून रायले नं," भाऊसाहेब म्हणतात, "घे हळू."