सदतीसला नऊ

दुबईला आलेला पाहुणा बुर्ज खलिफा बघतो, सोनं बाजारात चक्कर मारतो, एक संध्याकाळ वाळवंटात उंटावर बसतो आणि परत जातो. शारजाचा इंडस्ट्रियल एरिया त्याला कोणी दाखवत नाही. माझ्या मते तो दाखवायला हवा. जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांची इथे गल्लीमागून गल्ली आहे. एका गाळ्यात नुसते दरवाजे, पुस्तकांसारखे उभे लावलेले. दुसऱ्यात गिअरबॉक्सची चळत. तिसऱ्यात फक्त हेडलाइट, शेकडो डोळे आपल्याकडे बघत असल्यासारखे. जमीन तेल पिऊन काळी झालेली. आणि बोली? हिंदी, उर्दू, पश्तू, मल्याळम आणि गिऱ्हाइकाची अरबी, सगळं एकाच वाक्यात. आफ्रिकेत पाठवायचे कंटेनर इथेच भरले जातात, त्यामुळे पुणे-मुंबईत ज्याला भंगार म्हणतात त्याला इथे 'माल' म्हणतात.

आम्ही तिथे गेलो ते अण्णांच्या पिकअपसाठी. अण्णा आमच्या मंडळाचे जुने सभासद, एका बांधकाम कंपनीत फोरमन. डिसेंबरात निवृत्त होऊन चिपळूणला जाणार. घरातलं सगळं विकून झालं होतं, राहिली होती ती १९८८ ची लँड क्रूझर पिकअप, पंच्याहत्तर सिरीजची. चार लिटरचं पेट्रोल इंजिन, पुढे-मागे पाटे, दोन्हीकडे अखंड अ‍ॅक्सल. अरब मंडळी या गाडीला 'शास' म्हणतात. मूळ शब्द चॅसी. गिऱ्हाईकही ठरलं होतं. साताऱ्याकडचा एक तिशीचा मुलगा, धैद भागातल्या शेतांवर पंप दुरुस्त करतो. त्याला वाळूत जाणारी गाडी हवी होती आणि पैसे बेताचेच होते.

अडचण एकच. साठच्या पुढे गेलं की मागून हुंकार यायचा. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की वाढायचा, पाय काढला की सूर बदलायचा. बेअरिंगचा आवाज असा वागत नाही. ही क्राऊन-पिनियनची तक्रार. तेल काढून बघितलं तर त्यात चांदीच्या वर्खासारखी चकाकी. अण्णा काही न बोलता हात पुसत राहिले.

उपाय सुचवणारे लगेच भेटले. जाड तेल भरा, त्यात मूठभर लाकडाचा भुसा टाका, महिनाभर आवाज येणार नाही, तोवर तुम्ही चिपळूणला. जुन्या गाड्या विकणाऱ्यांची ही युक्ती जगभर चालते. अण्णांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तो पोरगा एकटा जातो हो वाळूत." विषय तिथे संपला. डिफरन्शियल बदलायचं ठरलं.

आता हे डिफरन्शियल म्हणजे काय, ते मंडळातल्या ज्यांचा गाडीशी संबंध फक्त स्टिअरिंगपुरता आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. इंजिनाची गती लांब दांड्यातून मागे येते. टोकाला लहान दातेरी चाक, तो पिनियन. पिनियन मोठ्या चाकाला फिरवतो, तो क्राऊन. तिथून गती काटकोनात वळून दोन चाकांकडे जाते, आणि वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त फिरू देण्याची सोयही त्याच गोळ्यात असते. क्राऊनचे दात भागिले पिनियनचे दात म्हणजे रेशो. फोर-व्हील गाडीत असे गोळे दोन, आणि दोघांचा रेशो एकच लागतो. लग्नाच्या पत्रिका एक वेळ जुळल्या नाहीत तरी संसार होतो, इथे होत नाही.

अण्णांच्या गाडीचा रेशो काय? बॉनेटखाली पत्र्याची पाटी असते, तिच्यावर अ‍ॅक्सलचा कोड असतो. पण पाटी सांगते कारखान्यातून काय निघालं ते. मधल्या सदतीस वर्षांत कोणी काय बदललं हे पाटीला कसं कळणार? म्हणून मोजलं. गाडी घोड्यांवर चढवली, गिअर न्यूट्रलला, दांड्यावर खडूची रेघ, टायरवर खडूची रेघ. एक चाक धरून ठेवायचं आणि दुसऱ्याला बरोबर दोन फेरे द्यायचे, म्हणजे क्राऊनचा एक फेरा होतो. दांड्याचे चार फेरे झाले आणि थोडं वर. पुढच्या चाकांचे हब लॉक करून तिथेही तसंच. म्हणजे ४.११, सदतीसला नऊ.

चौथ्या गाळ्यात डिफरन्शियल मिळालं. दुकानदार पेशावरकडचे, पांढरी दाढी, सगळे त्यांना चाचा म्हणत होते. अख्खा गोळा होता, कॅरियरसकट. हे महत्त्वाचं. नुसते क्राऊन-पिनियन घेतले तर पिनियनची खोली, बेअरिंगचा ताण, दातांमधली मोकळीक, सगळं नव्याने बसवावं लागतं. मोकळीक मिलिमीटरच्या पाचव्या-सहाव्या हिश्शाएवढी; दातांवर रंग लावून कुठे घासतोय ते बघायचं, पातळ वॉशर घालायचे, काढायचे. ते काम करणारे हात वेगळे. अख्खा गोळा आला की हे सगळं आतच जुळलेलं येतं.

"सेम गाडी का है, अण्णा. सैंतीस दाँत, गिन लो," चाचा म्हणाले.

मोजले. सदतीस भरले. अण्णांनी खिशात हात घातला, तेव्हा मी म्हटलं, "थांबा अण्णा, पिनियन राहिला." कारण या गाड्यांत ३.७० चा रेशोही येतो, आणि त्याच्याही क्राऊनला सदतीसच दात असतात. फरक पिनियनमध्ये, तिथे नऊच्या जागी दहा. पिनियनचं तोंड आत, दात मोजायला जागा नाही. मग पुन्हा खडू. क्राऊनच्या एका दातावर खूण केली आणि बाहेरची फ्लँज हाताने फिरवायला लागलो. एक, दोन, तीन. चौथा फेरा पुरा व्हायच्या आधीच खूण परत आली.

३.७०.

हे बसवलं असतं तर काय झालं असतं? डांबरी रस्त्यावर काहीच नाही, उलट गाडी जरा शांत धावली असती. मात्र फोर-व्हील लावली की पुढची चाकं नऊ फेरे घेणार आणि मागची दहा. दोघांची ओढाताण. वाळू थोडं घसरू देते, खडकाळ वाडी देत नाही. ताण साठत जातो, लीव्हर अडकून बसतो, आणि शेवटी काहीतरी तुटतं, तेही जिथे मोबाइलला रेंज नाही तिथे.

चाचांच्या चेहऱ्यावर फसवणूक पकडल्याचा भाव नव्हता. त्यांनी स्वतः दोनदा फिरवून बघितलं, मुलाला हाक मारली आणि गाळ्याच्या मागून तीन गोळे काढायला लावले. दुसरा जमला: चार फेरे आणि अंगठ्याएवढं वर. चहा आला. ३.७० च्या गोळ्यावर त्यांनी रंगाने मोठा दहा लिहिला.

बसवायला एक सकाळ लागली. या गाडीचं मागचं अ‍ॅक्सल मोठ्या मनाचं आहे. गाडीचं वजन हबवर असतं, शाफ्टवर नाही, त्यामुळे चाकं न काढता शाफ्ट ओढून घेता येतात. दोन्हीकडे सहा-सहा नट. त्यांच्याखालचे शंकूच्या आकाराचे वॉशर मात्र पितळी हातोडीने ठोकल्याशिवाय हलत नाहीत. दांड्याचे चार बोल्ट, मग गोळ्याभोवतीचे नट, आणि जुनं पॅकिंग सुटताना येणारा तो गंधकाचा वास. तो वास शर्टातून दोन धुण्यांत जात नाही, असं घरी सांगण्यात आलं. गोळा जॅकवर उतरवला, नवा चढवला, भोकातून ओघळ येईपर्यंत तेल भरलं. पुढच्याला हात लावावा लागला नाही हे नशीब. तिथे स्टिअरिंगचा सांधा उघडावा लागतो आणि सकाळीचे दोन दिवस होतात.

चाचणी मलीहाला घेतली. शारजाहून पूर्वेकडे पाऊण तास, शहर संपतं तशी वाळू तांबडी होत जाते. मध्ये उभा राहतो तो फॉसिल रॉक; समुद्री जिवांचे अवशेष दगडात घेऊन बसलेला, कारण इथे कधीकाळी समुद्र होता. शेजारच्या जबल फायाला सव्वा लाख वर्षांपूर्वीच्या माणसाची दगडी हत्यारं सापडली आहेत. टायरची हवा पंधरापर्यंत उतरवली, फोर-व्हील लावली आणि गाडी चढावर घातली. मी मागे हौद्यात बसून कान लावला होता. इंजिनाचा आवाज, वाळूचा आवाज, बाकी काही नाही. लीव्हर दोन बोटांनी सुटला.

साताऱ्याचा मुलगा सोबत होता. अण्णांनी त्याला गाडीखाली सरपटायला लावलं आणि गळती कुठे बघायची, तेल कधी बदलायचं ते दाखवलं. मग खिशातून पांढऱ्या रंगाची छोटी डबी काढून मागच्या गोळ्यावर स्वतःच्या हाताने ३७/९ लिहिलं, आणि पुढे जाऊन पुढच्यावरही.

"काका, किंमत तीच ना?" त्याने गाडीखालूनच विचारलं.

"तीच. तेलाचे तेवढे दे," अण्णा म्हणाले.