मार्सेयचा रोजचा शिरस्ता

सकाळी आठच्या सुमारास मार्सेयच्या जुन्या बंदरात मच्छीमारांच्या छोट्या होड्या धक्क्याला लागतात. लगेच तिथेच टेबलं मांडली जातात, निळ्या पाट्यांत पाणी ओतलं जातं आणि मासळी त्यात पडते. काही मासे तर अजून शेपट्या आपटत असतात. विकायला बऱ्याचदा मच्छीमारांच्या घरच्या बायकाच बसतात. गिऱ्हाईक पुढे आलं की भावाचं बोलणं नंतर, आधी विचारपूस. ‘सूप करणार की भाजणार? माणसं किती?’ उत्तर ऐकल्यावरच मासा निवडला जातो. रासकास नावाचा मासा लालसर, मोठ्या डोक्याचा आणि अंगभर काटेरी असतो. त्याच्या पाठीवरच्या काट्यांत विष असतं. बाई ते काटे जाड कात्रीने एकेक करून छाटते, मग पोट साफ करते आणि शिजवायचं कसं तेही सांगते. मागे रांग वाढली तरी कुणी कुरकुरत नाही.

हा मासा लागतो तो बुयाबेस नावाच्या मासळीच्या सुपासाठी. विकली न गेलेली काटेरी मासळी मच्छीमार उकळून खात, त्यातून ही पाककृती घडली. आता तिचा थाट वाढला आहे. नकली बुयाबेस बोकाळलं तेव्हा शहरातल्या काही हॉटेलवाल्यांनी १९८० साली चक्क एक सनद केली. मासे कोणते, रस्सा आणि मासे वेगळे कसे वाढायचे, हे सगळं त्यात ठरलेलं आहे.

फ्रान्समध्ये मार्सेयचं नाव दांडगं, गोंगाटी, बेशिस्त असं झालेलं आहे. इसवी सनापूर्वी ६००च्या सुमारास फोकाया इथल्या ग्रीक दर्यावर्दींनी वसवलेलं हे गाव. पुढे इटालियन, आर्मेनियन, अल्जेरियन, कोमोरोस बेटांवरचे लोक, असे थरावर थर इथे बसत गेले. चार-दोन दिवसांसाठी आलेल्याला गोंगाटच ऐकू येतो. मुक्काम लांबला, रोजचं दूध-पाव आणावं लागलं, की रोजच्या व्यवहारात हे शहर किती काटेकोर आहे ते कळतं. बेकरीत शिरणारा माणूस आधी सगळ्यांना ‘बोंजूर’ म्हणतो. न म्हणता कुणी थेट पाव मागितला, तर काउंटरमागची बाई शांतपणे स्वतः ‘बोंजूर’ म्हणते आणि थांबते. उत्तर मिळाल्याशिवाय हात पावाकडे जात नाही. मला हा नियम फार आवडला. त्यात समोरच्याला माणूस म्हणून मोजणं आहे.

दुपार कलली की मैदानांत पेतांकचे डाव मांडले जातात. हा खेळ जवळच्याच ला सिओता गावात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जन्मला. संधिवातामुळे धावून चेंडू टाकता न येणाऱ्या एका जुन्या खेळाडूसाठी पाय जागेवर रोवून खेळायचा नियम केला गेला, असं सांगतात. लाकडी गोटी सहा ते दहा मीटरवर टाकायची आणि लोखंडी गोळे तिच्या जवळ न्यायचे. १३ गुण झाले की डाव संपला. दोन गोळ्यांवरून वाद झाला की आरडाओरडा होतो, पण लगेच कुणीतरी खिशातून मोजपट्टी काढतं. मग सगळे वाकून बघतात आणि जे माप येईल ते निमूट मान्य करतात.

खेळानंतर पास्तिस. बडीशेपेच्या वासाचं हे मद्य पॉल रिकार यांनी १९३२ साली इथूनच बाजारात आणलं. त्यालाही क्रम आहे: आधी पास्तिस, मग पाचपट गार पाणी, बर्फ सगळ्यांत शेवटी. पाणी पडताच तपकिरी रंग दुधट पिवळा होतो.

शहराच्या टोकाला लेस्ताक नावाची जुनी कोळ्यांची वस्ती आहे. सेझानने तिची चित्रं रंगवली. तिथल्या टपऱ्यांवर पानिस मिळतं. काबुली चण्याचं पीठ पाण्यात घोटून शिजवायचं, थापून गार करायचं, चकत्या कापून तळायच्या. आपली पाटवडी तळली तर अशीच लागेल, फक्त फोडणी नाही.

मराठी माणूस मार्सेयला येतो तो ८ जुलै १९१० ही तारीख मनात धरून. ‘मोरिया’ बोटीवरून सावरकरांनी उडी घेतली ती इथल्याच बंदरात. १९१४ साली पहिल्या महायुद्धासाठी फ्रान्सला आलेले हिंदी सैनिकही इथेच उतरले. माझार्गच्या युद्धस्मशानभूमीत त्यांच्यातल्या मृतांची नावं आहेत. तिथे जरूर जावं.

नोआय बाजाराचा रस्ता मात्र जड पावलांनीच ओलांडावा लागतो. मसाले, पुदिना, खजूर यांनी भरलेल्या या वस्तीतल्या र्यू दोबान्य या गल्लीत ५ नोव्हेंबर २०१८ रोजी जुन्या इमारती कोसळल्या आणि आठ माणसं गेली. धोक्याच्या म्हणून त्यानंतर इतर कितीतरी घरं रिकामी करावी लागली. पर्यटकांच्या धक्क्यापासून ही जागा चालत दहा-पंधरा मिनिटांवर आहे. शहराचं कौतुक करताना गरिबांच्या घरांची ही आबाळ लपवणं मला योग्य वाटत नाही.

क्रूझच्या बोटीतून उतरलेले प्रवासी टेकडीवरचं नोत्र दाम द ला गार्द हे चर्च बघून संध्याकाळी परततात. जमलं तर तुम्ही निदान आठवडाभर तरी राहा. स्वयंपाकघर असलेली खोली घ्या, रोज एकाच बेकरीत जा आणि मासळीला दुपारी एकच्या आत पोचा. त्यानंतर बाजार उठतो.